काही होत नसताना दवाखान्यात जाणे

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यायची असे मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ठरवले, तेव्हा आमच्यापैकी कुणालाही कसलाही त्रास होत नव्हता. जाऊबाईंची माहेरची चुलत बहीण त्याआधी काही महिन्यांपूर्वी याच आजाराने गेली होती. पाळी जायच्या वयात असे मागेपुढे होतेच, अशी स्वतःची समजूत घालून तिने अंगावरून जाणे बराच काळ सोसले आणि सोलापूरला दाखवले तेव्हा आजार गर्भपिशवीच्या बाहेर पसरलेला होता. जाऊबाई तिला शेवटचे भेटून आल्या आणि त्याच रात्री त्यांनी मला विचारले, "तू शाळेत शिकवतीस, तुला ठाव असंल. हे आधी कळत न्हाई का?" आधी कळते, आणि इतके आधी कळते की कर्करोग होण्यापूर्वीची अवस्थाच सापडते व ती साध्या उपचाराने बरी करता येते, हे मी वाचले होते. मात्र ही तपासणी केलेली एकही बाई माझ्या नात्यात किंवा शेजारात नव्हती.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझी पंचेचाळिशी उलटली आहे. जाऊबाई पन्नाशीच्या पुढच्या, पाळी जाऊन काही वर्षे झालेल्या, घरची थोडी शेती करून हंगामात दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जाणाऱ्या. आमचा अनुभव सविस्तर लिहिते आहे, कारण "बायका लाजतात, म्हणून तपासणीला येत नाहीत" हे वाक्य मी डॉक्टरांकडून, कर्मचाऱ्यांकडून आणि शिकलेल्या मैत्रिणींकडूनही ऐकत आले आहे, आणि या सगळ्या फेऱ्यांनंतर ते मला पटेनासे झाले आहे. लाज असते, ती आम्हालाही वाटली. पण आम्हाला प्रत्यक्षात अडवले ते बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टींनी.

सुरुवात आमच्या अंगणात झाली. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आशाताईंनी घरोघर जाऊन भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला रक्तदाब किंवा साखर आहे का, अशा प्रश्नांनंतर त्यात खास बायकांसाठीचे प्रश्न येतात: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते का, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त गेले का, संबंधानंतर रक्त जाते का, पांढऱ्या पाण्याला वास येतो का. प्रश्न अगदी योग्य आहेत. जाऊबाईंच्या बहिणीला कुणी ते वेळेवर आणि एकांतात विचारले असते तर कदाचित ती आज असती. पण आशाताई आमच्याकडे आल्या तेव्हा ओसरीवर थोरले दीर बसले होते, पुतण्या मोटारसायकल धूत होता आणि शेजारच्या काकू दळण घेऊन टेकल्या होत्या. आशाताईंनी वर मान करून पाहिले आणि ते चारही प्रश्न न विचारताच "नाही" वर खुणा केल्या. त्यांना मी दोष देत नाही. एका दिवसात कितीतरी घरे उरकायची, प्रत्येक घरात बाईला आत बोलावून दार लोटून बोलायचे आणि तेही अपुऱ्या मानधनावर, हे कुणाला जमेल? परंतु कागदावर मात्र आमच्या घरातल्या सगळ्या बायका निरोगी ठरल्या, आणि पुढे कुणी विचारलेच तर त्या कागदावरून तेच दिसणार.

मी आशाताईंना मागाहून गाठून तपासणीचे विचारले. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी मोफत व्हावी, असे ठरलेले आहे. उपकेंद्रात आमचा रक्तदाब पाहिला, बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, तोंड उघडायला लावून गालाच्या आतून बॅटरी फिरवली. पिशवीच्या तोंडाची तपासणी मात्र तालुक्याला, असे सांगितले. तिथल्या सिस्टरांनी ती शिकून घेतलेली होती, पण तपासायचे टेबल औषधांच्या खोक्यांखाली होते, खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती आणि आत डोकावायला पुरेसा प्रकाश देणारा दिवा नव्हता. एक कडी आणि एक दिवा इथे असता, तर तालुक्याच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या वाचल्या असत्या.

तालुक्याला जाण्याआधी सिस्टरांनी आम्हाला नियम सांगितले. पाळी चालू असताना जायचे नाही, शक्यतो पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या ते विसाव्या दिवसाच्या दरम्यान जायचे. आधीचे दोन दिवस नवऱ्याबरोबर संबंध नको, आतून कसले औषध नको, आतून धुणे नको. वैद्यकीय दृष्टीने हे नियम बरोबर आहेत, पण त्यांच्याबरोबर बाईच्या घरातली सगळी रचना हलते. मला शाळेची सुट्टी त्याच दिवसांत मिळायला हवी होती आणि नवऱ्याला दोन दिवसांचे कारण सांगणे भाग होते. माझ्या नवऱ्याने ते समजून घेतले. आमच्या गल्लीतल्या एका तरुण बाईने मात्र मला स्पष्ट सांगितले की, दोन दिवस नाही म्हणायची सोय तिच्या घरात नाही, आणि दवाखान्याचे कारण सांगितले तर "तुला तसला काय रोग झालाय?" हा प्रश्न येईल. ती आमच्याबरोबर आली नाही. तिचे न येणे कुठल्याही नोंदवहीत "लाजते" असेच लिहिले जाईल.

एसटीत बायकांना निम्मे तिकीट असल्यामुळे प्रवासाचा भार हलका झाला आहे, हे कृतज्ञतेने सांगायला हवे. मजुरी मात्र बुडतेच, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती सहज सोडता येत नाही.

रुग्णालयात केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसाने विचारले, "काय त्रास?" मी म्हणाले, त्रास काही नाही, तपासणी करायची आहे. तो थांबला, कारण त्याच्या संगणकावर तक्रारीची जागा रिकामी ठेवून पुढे जाता येत नव्हते. मागे रांग होती, रांगेत आमच्या गावचे दोघे होते. शेवटी त्याने स्वतःच "अंगावरून पांढरे जाणे" असे मोठ्याने म्हणत टंकले आणि दोघींच्या हातात तोच मजकूर असलेले कागद दिले. निरोगी बाईने निरोगी आहे म्हणूनच यावे, ही या तपासणीची सगळी भिस्त; आणि आजाराशिवाय आत जायला दारच नाही, ही व्यवस्था. जाऊबाईंना तो कागद वाचता येत नव्हता, पण शब्द ऐकू आले होते. त्या पदर डोक्यावरून पुढे ओढून बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता गावात कळंल, मला कायतरी झालंय."

त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी होती. मोठे पोट घेऊन बसलेल्या मुलींच्या गर्दीत आम्हा दोघींना तिथल्या मावशींनी विचारले, "तुम्ही कुणासंगं आलाय?" दुपारपर्यंत बसलो. मग कळले की स्त्री डॉक्टर रजेवर आहेत आणि पाहायचे असेल तर पुरुष डॉक्टर पाहतील. मी तयार होते, जाऊबाई नव्हत्या. त्यांना एकटीला सोडून मी आत जाणे मला योग्य वाटले नाही, म्हणून आम्ही परतलो. हीच ती लाज, जिच्याबद्दल सगळे बोलतात. पण तीवर उपाय काय, तर बाईला तपासायला बाई असणे आणि ती कोणत्या वारी असते हे आधी सांगणे. पुढच्या वेळी आम्ही फोन करून, मंगळवारी स्त्री डॉक्टर आणि प्रशिक्षित सिस्टर दोघी असतात हे विचारून गेलो, तेव्हा जाऊबाई माझ्या आधी आत शिरल्या.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल बायकांना फार भीती असते, म्हणून जे झाले ते तसेच लिहिते. टेबलावर पाठीवर झोपवतात, गुडघे वर घेऊन पाय बाजूला करायला सांगतात, वरून चादर घालतात. स्पेक्युलम नावाचे बदकाच्या चोचीसारखे साधन आत घालून अलगद उघडतात. तेव्हा ताण जाणवतो, गार लागते, आणि अंग आवळून धरले तर दुखते. सिस्टरांनी मला तोंडाने श्वास सोडत राहायला सांगितले आणि खरेच त्याने सैल पडता आले. मग कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावतात. ते 3 ते 5 टक्क्यांचे, म्हणजे साधारण जेवणातल्या व्हिनेगरइतकेच असते. किंचित चुरचुरते. मिनिटभर थांबून दिव्याच्या उजेडात पाहतात. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. डाग उठला म्हणजे कर्करोग झाला असे नाही, पुढे दुर्बिणीने पाहायचे एवढाच त्याचा अर्थ, हे सिस्टरांनी तपासणीच्या आधीच सांगितले, नंतर नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. माझ्याकडे डाग नव्हता. आत जाऊन बाहेर येईपर्यंत दहा मिनिटे लागली नसतील, आणि निकाल हातात घेऊनच मी उठले.

जाऊबाई बाहेर आल्या त्या मात्र गोंधळलेल्या. डॉक्टर त्यांना म्हणाल्या होत्या की तुमची पाळी गेली आहे, तुम्हाला या तपासणीचा उपयोग नाही. जाऊबाईंनी ऐकले ते असे की, आता तुम्हाला धोका नाही. त्या निघायच्या तयारीत होत्या. मी आत जाऊन विचारले तेव्हा उलगडा झाला: पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाचा जो भाग पाहायचा असतो तो आत सरकतो, त्यामुळे ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्यात अर्थ उरत नाही, अशा बाईचा पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठीचा नमुना, घ्यावा लागतो किंवा एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या विषाणूची, चाचणी करावी लागते. धोका संपलेला नसतो, फक्त पद्धत बदलते. हे एक वाक्य जास्तीचे बोलले गेले नसते, तर जाऊबाई आयुष्यभर "डॉक्टरांनीच नको म्हटलं" असे सांगत राहिल्या असत्या, आणि त्यांच्या वयाच्या किती बायका आज तसे सांगत असतील या विचाराने मला अजूनही अस्वस्थ व्हायला होते. त्यांचा स्मिअर त्याच दिवशी घेतला. अहवालासाठी फोन नंबर मागितला तेव्हा त्यांनी मुलाचा दिला, कारण स्वतःचा फोन नाही. मी खोडून माझा लिहिला.

अहवाल वाट पाहूनही आला नाही. याच काळात एका संध्याकाळी सासूबाईंनी, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, जे सांगितले त्याने माझ्या डोक्यातला सगळा प्रश्नच उलटा झाला. आम्ही कशासाठी तालुक्याला खेपा घालतो आहोत हे कळल्यावर त्या सहज म्हणाल्या, "ती तपासणी व्हय? माझी झालीया की. गावातल्या समद्या बायांची झाली व्हती." मी आधी विश्वास ठेवला नाही. पण त्यांना नीट आठवत होते: बाया घरी येऊन नावे लिहून गेल्या, समजावून सांगितले, मग ठरल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्याजणी मिळून गेल्या.

आत्या ज्याबद्दल बोलत होत्या तो अभ्यास जगभर ठाऊक आहे. 1999 ते 2003 या काळात आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर 30 ते 59 वयाच्या 1,31,000 हून अधिक बायकांवर तो केला आणि 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. यातल्या एका गटातल्या तीस हजारांवर बायकांची तपासणी केली गेली नव्हती, आणि त्यावर पुढे नैतिकतेचे गंभीर प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते. परंतु माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. ज्या गटांना तपासणीला बोलावले, त्यांतल्या सुमारे 80 टक्के बायका आल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलनेच 1998 पासून दुसरा मोठा अभ्यास केला, त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून ॲसिडची तपासणी करवली. तिथेही बोलावलेल्या बायकांपैकी 89 टक्के आल्या आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. आणि 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या बायका किती, तर 1.9 टक्के.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या आमच्या गावातल्या बायका आजच्या बायकांपेक्षा कमी लाजत होत्या असे कुणी म्हणू शकेल का? आत्या आजही परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. त्या गेल्या, कारण त्यांच्या दारात बाई आली, तिने कारण सांगितले, दिवस ठरवला, शेजारणी बरोबर होत्या आणि तपासायलाही बाईच होती. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि त्यातल्या सुमारे ऐंशी हजार मरतात, असा 2022 चा अंदाज सांगतो. एवढ्या मरणांचे कारण बायकांच्या स्वभावात शोधणे मला आता सहन होत नाही.

जाऊबाईंचा अहवाल शेवटी मी जाऊन मागितला तेव्हा मिळाला: नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा. पाळी गेलेल्या बायकांमध्ये असे होऊ शकते, कारण आतला थर कोरडा आणि पातळ होतो. जाऊबाईंना मात्र वाटले की काहीतरी सापडले आहे आणि मी लपवते आहे. त्यांची समजूत घालायला जितका वेळ गेला, तितका आधीच्या कुठल्याच टप्प्यावर गेला नव्हता. पुन्हा तालुक्याला जाण्याऐवजी आम्ही सोलापूरच्या एका धर्मादाय रुग्णालयात एचपीव्ही चाचणी करायचे ठरवले. पैसे मी भरले; त्यांनी स्वतःच्या मजुरीतून ते कधीच भरले नसते, कारण ज्या शरीराला काही होत नाही त्यावर इतका खर्च करणे त्यांच्या हिशोबात बसत नाही.

तिथल्या सिस्टरांनी विचारले, "नमुना आम्ही घेऊ की तुम्ही स्वतः घ्याल?" एका मऊ ब्रशची कांडी आत घालून, काही वेळा गोल फिरवून, नळीतल्या द्रवात ठेवायची, एवढेच काम. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केलेली आहे. जाऊबाई पडद्याआड गेल्या, आम्ही बाहेर थांबलो, आणि थोड्याच वेळात त्या नळी हातात घेऊन आल्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "हे तर मी घरीच केलं असतं की."

चाचणी पॉझिटिव्ह आली. 16 आणि 18 हे सर्वांत घातक प्रकार नव्हते, दुसरा एक प्रकार होता. पुन्हा घेतलेला स्मिअर यावेळी पुरेसा होता आणि त्यात पेशी ठीक निघाल्या. डॉक्टरांनी वर्षभराने पुन्हा चाचणी करायला सांगितले. हा विषाणू शरीरसंबंधांतून येतो हे त्यांनी सांगितले तेव्हा जाऊबाईंचा चेहरा उतरला आणि घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी मला विचारले, आला कुठून. मी डॉक्टरांनी सांगितलेलेच पुन्हा सांगितले: बहुतेक सगळ्या स्त्रीपुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी होतो, बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींच्या अंगात तो कितीतरी वर्षे दबून राहतो, त्यामुळे आज सापडला याचा अर्थ आज आला असा होत नाही, आणि त्यावरून कुणाच्याही वागण्याचा निवाडा करता येत नाही. पेशी बदलून कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात, म्हणूनच ही तपासणी इतकी उपयोगाची. त्यांनी ऐकून घेतले. थोरल्या दिरांना सांगायचे की नाही हा निर्णय मी त्यांच्यावर सोडला, आणि त्यांनी दोन दिवसांनी सांगितले, माझ्या समोर.

दिरांना राग आला नाही, भीती वाटली. ते तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांकडे कागद घेऊन गेले आणि परत आले ते ऑपरेशनचा अंदाजे खर्च विचारून. पिशवी काढून टाका, आता तिचे काय काम, कायमची काळजी मिटेल, असा सल्ला मिळाला होता. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती मोठ्या संख्येने काढल्या गेल्या, हे 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आले. तेरा हजारांहून अधिक बायकांची ती नोंद होती, आणि त्यांतल्या कितीकींना "नाहीतर कॅन्सर होईल" असेच सांगितले गेले होते. ज्या भागात दहा मिनिटांच्या तपासणीला खोली मिळत नाही, त्याच भागात कर्करोगाच्या भीतीने अख्खा अवयव काढायला खाट लगेच मिळते, याची मला चीड आहे. पेशी चांगल्या असताना केवळ विषाणू सापडला म्हणून पिशवी काढायची नसते. सोलापूरच्या डॉक्टरांशी मी दिरांचे फोनवर बोलणे करून दिले, तेव्हा कुठे तो विषय थांबला.

जाऊबाईंची पुढची चाचणी पुढच्या दिवाळीनंतर आहे, नमुना त्या स्वतःच घेणार आहेत. ग्रामसभेत मी आणि आशाताईंनी उपकेंद्रासाठी कडी, पडदा आणि दिवा मागितला. कडी आणि पडदा लागला आहे, दिव्याचा ठराव झाला आहे. तोवर महिन्यातल्या एका मंगळवारी आम्ही सात-आठजणी मिळून एकाच जीपने तालुक्याला जातो, आणि केसपेपरच्या खिडकीवर आधी मी उभी राहते, म्हणजे तक्रारीच्या जागी "तपासणी" एवढेच लिहिले जाते. गेल्या खेपेला गल्लीतली ती तरुण बाईही आली. तिच्या सासूला आत्यांनी स्वतः जाऊन सांगितले होते.